मदत हवी आहे: 'माणूस वाचायला' येणारे बोलतच नाहीत

डेन्मार्कमध्ये २००० साली सुरू झालेल्या 'ह्यूमन लायब्ररी'च्या धर्तीवर आमच्या वाचनालयात दोनदा कार्यक्रम केला. पुस्तकाऐवजी माणूस अर्धा तास वाचायचा, म्हणजे समोर बसून मोकळेपणी प्रश्न विचारायचे. पहिल्या खेपेला सात-आठ जणांचे गट केले, तर वाचक गप्प आणि गप्पांचं भाषण झालं. मग प्रश्नांच्या चिठ्ठ्या ठेवल्या. लोक त्या मुलाखतीसारख्या वाचूनच दाखवू लागले! एकास एक बसायला संकोचाने कुणी नावच देईना. बोलणारी माणसं उत्तम आहेत, ती बदलायची नाहीत. खोली एकच, शेजारी अभ्यासिका, त्यामुळे माईक नको. स्वयंसेवक दोघंच. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, एका माणसासमोर किती वाचक बसवले आणि पहिला प्रश्न कुणी विचारला?