छापील रुमालांवर भरतकाम: रंगाचा पापुद्रा, गंजाची शाई आणि फुटलेला लाल (मदत हवी आहे)

मंडळी, मावसबहिणीचं लग्न मार्गशीर्षात आहे. रुखवतातल्या ताटांवर घालायचे 5 रुमाल मी करीन, असं श्रावणातच सगळ्यांसमोर बोलून बसले आहे. भरतकाम मला येतं, छपाई येत नाही. आणि नेमकं दोन्ही एकत्र करायचं डोक्यात घेतलंय.

ठसे विकत आणायचे नाहीत, रुखवत आहे तर स्वयंपाकघरातली हत्यारं वापरायची, असं ठरवलं. करंजीचं कातण रंगात बुडवून कापडावरून ओढलं की नागमोडी रेघ उमटते, तीही तुटक तुटक. धावदोऱ्यासाठी कुणी आधीच खुणा करून ठेवल्यासारखी. सोऱ्यातली शेवेची चकती छापली की रंगीत गोल येतो आणि भोकांच्या जागी कोरे ठिपके राहतात. भेंडीच्या बुडाचं फूल तर सगळ्यांनी शाळेत केलेलंच आहे. (कातण आणि चकती आता स्वयंपाकघरात परत यायची नाहीत, असं आईने बजावलं. तुळशीबागेतून नवीन आणून द्यावी लागली.)

आता रडगाणं. लक्ष्मी रोडवरून मांजरपाट आणला आणि हौसेच्या भरात तसाच छापायला घेतला. कापडावर चालतात ते ॲक्रिलिक रंग, ब्रशने चकतीला लावलेले. वाळल्यावर इतकं छान दिसलं की फोटोसुद्धा पाठवून झाले. मग सुई घातली. प्रत्येक टाक्याला 'कट्' असा आवाज, दोरा ओढला की भोकाभोवती रंगाचा पापुद्रा उचलला जातो आणि खालचं पांढरं डोकावतं. पहिल्याच धुण्यात रेघा जागोजागी विरल्या. कोऱ्या कापडाची खळ आधी काढायला हवी होती, हे नंतर कळलं. दुसरा तुकडा रात्रभर भिजवून, धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात धुतला. त्यावर रंग बरा टिकला, पण सुईचं रडणं तेच.

मधे एकदा शाईपेनातली निळी शाई वापरून पाहिली. धुतल्यावर बादली निळी, कापड पांढरं. त्याबद्दल काही बोलायचं नाही.

मग गंजाची शाई. बरणीत गंजके खिळे, गूळ आणि पाणी, वर फडकं बांधून 18 दिवस गॅलरीत. वास असा की शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं. कापड हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात बुडवून वाळवलं (हिरडा जुन्नरकडचा, घरी होताच), ते फिकट पिवळसर झालं, आणि त्यावर कातण फिरवलं. रेघ आधी राखाडी दिसते आणि बघता बघता काळी होत जाते! हे मला इतकं आवडलंय की ॲक्रिलिक फेकून द्यावंसं वाटतं. सुईलाही काही अडत नाही, कारण वर थरच नाही. पण रेघेच्या दोन्ही बाजूंना तांबूस ओघळ पसरतो आणि कातणाची नक्षी त्यात बुडून जाते. शिवाय लोखंडाने कापड कुजतं असं ऐकलं. रुखवतातला रुमाल दहा वर्षांनी रेघेवर फाटला तर?

चौथं संकट कालचं. एका दुकानातून बिनलेबलाची लाल लच्छी घेतली होती. पूर्ण झालेला एकमेव रुमाल धुतला आणि लाल रंग फुटून सगळीकडे गुलाबी झालं. अजून ओला आहे, हात लावायचा धीर होत नाही.

तर: पापुद्र्याचं काय करू? आधी भरून मग छापावं का? गंजाची शाई पसरू नये म्हणून काय घालू? आणि हा गुलाबी रुमाल वाचेल का?

प्रतिसाद:
आधी भरून मग छापू नका, टाक्यांच्या उंचवट्यावर ठसा नीट बसत नाही. ॲक्रिलिक रंग कापडाच्या आत शिरत नाही, चिकटद्रव्यासकट वर बसतो, म्हणून थर जाड झाला की पापुद्रा होतो. ब्रश सोडा. स्पंजवर थोडा रंग घेऊन चकतीवर नुसता थोपटा, छापल्यावर कापडाची वीण दिसली पाहिजे. एक दिवस वाळू द्या, सध्याच्या दमट हवेत दोन. मग उलट्या बाजूने सुती कापडाच्या सेटिंगवर, वाफ बंद ठेवून, 4-5 मिनिटं इस्त्री फिरवत राहा. तुमच्या पोस्टमध्ये इस्त्रीचं कुठेच लिहिलेलं नाही, म्हणजे केलीच नसणार. रेघा विरण्यात तिचाही हात आहे. सुई 9 किंवा 10 नंबरची घ्या (नंबर वाढतो तशी सुई बारीक होते) आणि दोऱ्याच्या 6 पदरांतले 2च पदर वापरा.

खरं तर शेवेच्या चकतीने उत्तर दिलंच आहे. कोरे राहिलेले ठिपके कशासाठी सोडलेत? तिथे गाठीचे टाके घाला, रंगाला सुई लागणारच नाही.

प्रतिसाद:
5 रुमाल, आणि मार्गशीर्षात लग्न. 3 करा.

प्रतिसाद:
गंजाच्या शाईबद्दल. हिरड्यात टॅनिन (तुरट द्रव्य) असतं, ते लोखंडाशी आणि हवेशी गाठ पडली की काळं होतं. कलमकारीतलं (कलमाने कापडावर चित्रं रंगवतात, त्यातलं) काळं असंच, गूळ आणि लोखंडाचं. तुमची शाई पाण्यासारखी पातळ आहे म्हणून पसरते. बाभळीचा डिंक भिजवून मधासारखा दाट करा आणि त्यात शाई मिसळा. चिंचोक्याची खळही चालते. आंध्रातल्या श्रीकाळहस्तीचे कलमकारीवाले हिरड्याच्या पाण्यात म्हशीचं दूध घालतात, त्यातल्या स्निग्धतेमुळे रेघ फुटत नाही. वास मात्र आणखी वाढेल, काकूंना आधी सांगून ठेवा.

कुजण्याची भीती खोटी नाही. जुन्या चिटांमध्ये (नक्षीदार सुती कापडांमध्ये) काळ्या रेघांपुरतं कापड झडून गेलेलं आणि बाकीचे रंग शाबूत, असं दिसतं. जास्तीचं लोखंड आणि आम्ल कापडात राहू देऊ नका. शाईत तेवढंच पाणी घालून तिचा जोर निम्मा करा (दाटपणा डिंकाने येईलच), रेघ बारीक ठेवा, वाळल्यावर वाहत्या पाण्यात भरपूर धुवा. मोठे काळे गोल या शाईने छापू नका. रेघेवरून भरलेला धावदोरा थोडा आधार देईलच.

प्रतिसाद:
रुमाल वाळू देऊ नका आणि इस्त्री तर अजिबात नको! मोठ्या टबात भरपूर पाणी, द्रव साबणाचे दोन थेंब, रुमाल मोकळा बुडेल असा ठेवा. पाणी गुलाबी झालं की बदला, नितळ राहीपर्यंत. मीठ आणि व्हिनेगर सगळे सुचवतील, पण आधीच रंगवलेल्या दोऱ्याचा रंग त्याने पक्का होत नाही. पुढच्या वेळी लाल दोऱ्याचा वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघायचा, मगच लच्छी उघडायची.

धागाकर्ती:
इस्त्री केली नव्हती, पकडलंत. डिंक मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळाला, कालच भिजत घातला. आज कातणाची रेघ अगदी टोकदार आली, ओघळ जवळजवळ नाहीच. काळे गोल रद्द, चकतीला पातळ निळा ॲक्रिलिक आणि कोऱ्या ठिपक्यांत गाठी. रुमाल टबात आहे, चौथं पाणी अजून किंचित गुलाबी. 3 रुमालांच्या सूचनेवर मावशीशी बोलून घेते.

एकच राहिलं: भिजवलेला डिंक फ्रिजमध्ये किती दिवस टिकतो? आई विचारतेय, आणि तिचा सूर काही बरा नाही.