निवृत्तीचे पैसे बँकेच्या 'मॅनेज्ड पोर्टफोलिओ'त टाकावेत का? माझं मत: नको

कृष्णाकाठ

माझी मोठी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून नुकतीच निवृत्त झाली. वय ५८. ग्रॅच्युइटी, जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी), रजा रोखीकरण, पेन्शनचं अंशराशीकरण (काही भाग एकरकमी) असे सगळे मिळून ४६ लाख खात्यात जमा झाले आणि लगेच बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरचा (आरएमचा) फोन आला. नंतर साहेब टॅब घेऊन घरीच हजर. इतकी वर्षं पासबुक भरून घ्यायला रांगेत उभ्या राहिलेल्या ताईला एकदम 'मॅडम, तुम्ही आमच्या वेल्थ कस्टमर'.

त्याने दोन गोष्टी पुढे केल्या. एक, म्युच्युअल फंडांचा तयार पोर्टफोलिओ. फंड बँकेची टीम निवडणार, दर तिमाहीला आढावा घेणार, 'वेगळी फी काहीच नाही'. दुसरी, पीएमएस, म्हणजे तुमच्या नावावर मॅनेजर थेट शेअर घेतो-विकतो ती सेवा. त्याला किमान ५० लाख लागतात, म्हणून सल्ला असा की ताईची चार लाखांची एफडी मोडायची, मग बसतं.

पीएमएसचा विषय माझ्या दृष्टीने तिथेच संपला. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिने २०२० च्या नियमांत ही मर्यादा २५ लाखांवरून ५० लाखांवर नेली, ती काय एफडी मोडून गाठायला?

पण पहिला प्रकार जास्त फसवा आहे, कारण तो साधा दिसतो. यादीत अकरा फंड होते आणि अकराही रेग्युलर प्लॅनचे. म्हणजे फंडाच्या खर्चातून बँकेला दरवर्षी कमिशन जाणार, पैसे आहेत तोवर. वेगळी फी नाही हे खरं, पण फी नाही हे खोटं. मधे कोणी नसलेल्या, थेट फंड हाऊसकडून घ्यायच्या डायरेक्ट प्लॅनशी वर्षाला ०.८ टक्क्यांचा फरक धरा. दहा लाखांचे ११ टक्क्यांनी पंधरा वर्षांत होतात साधारण ४७ लाख ८५ हजार, १०.२ टक्क्यांनी होतात ४२ लाख ९३ हजार. दहा लाखांमागे जवळजवळ पाच लाख, तिमाही आढाव्यासाठी!

बरं, निवड तरी काय दर्जाची? अकरापैकी चार फंड बँकेच्याच फंड हाऊसचे. मी फॅक्टशीट उघडून बसलो. चार वेगवेगळ्या लार्ज कॅप (बड्या कंपन्यांच्या) आणि फ्लेक्सी कॅप (लहानमोठ्या सगळ्या कंपन्यांच्या) फंडांत वरच्या पाच-सहा कंपन्या फिरून फिरून त्याच: एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स, इन्फोसिस. एवढ्यासाठी एक निफ्टी इंडेक्स फंड (निफ्टीतल्याच कंपन्या त्याच प्रमाणात घेणारा) पुरतो, आणि तो ताई स्वतः घेऊ शकते.

फंड वाईट होते असं मी म्हणत नाही. सल्ला देणाऱ्याला पैसे कोण देतं, एवढाच माझा मुद्दा आहे.

माजी शाखाधिकारी

कृष्णाकाठ, राष्ट्रीयीकृत बँकेत आयुष्य गेलं म्हणून लिहितो. आरएम लोकांचं मार्चमधलं टार्गेट काय असतं ते मी जवळून पाहिलंय, त्यामुळे त्यांची वकिली करणार नाही. पण तुमचं गणित अर्धंच आहे.

डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून सगळ्यांसाठी खुले आहेत. मग लोक का जात नाहीत? सगळे अडाणी आहेत म्हणून? केवायसी अडकतं, नॉमिनी बदलायचा असतो, सही जुळत नाही. घरातला माणूस गेला की युनिट नावावर करून घेण्याची कागदपत्रं. हे काम कोणी तरी करतं. तुमच्या ताईंना तुम्ही आहात. ज्यांना असा भाऊ नाही त्यांचं काय?

दुसरं म्हणजे पर्याय कोणता हे बघा. आमच्या मराठवाड्यात निवृत्त शिक्षकाचा पैसा इंडेक्स फंडात जात नाही. तो जातो बारा-तेरा टक्के व्याज देणाऱ्या मल्टिस्टेट पतसंस्थेत, कारण चेअरमन ओळखीचा असतो. किती घरं बसली त्यात ते मी सांगायला नको. त्या माणसाला बँकेने ०.८ टक्के घेऊन सेबीच्या नियमांतल्या फंडात आणलं, तर मी तिला दुवा देईन.

चक्रवाढ

साहेब, "पतसंस्थेपेक्षा बरं" हा निकष असेल तर काय बोलायचं!

आणि बँकेचं वेल्थ खातं म्हणजे सुरक्षित हा समज मार्च २०२० मध्येच संपायला हवा होता. येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-१ रोखे (बँक बुडायला आली की शून्य करता येणारे) एका फटक्यात शून्य झाले. ते घेणाऱ्यांत तेराशेहून जास्त सामान्य व्यक्ती होत्या आणि बहुतेक बँकेच्याच खातेदार. सेबीच्या २०२१ च्या आदेशात स्पष्ट आहे की हे रोखे त्यांच्या गळ्यात 'सुपर एफडी' म्हणून मारले गेले. विकणारी टीम कुठली? वेल्थ मॅनेजमेंट. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ते शून्य करणं रद्द ठरवलं, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि पैसे अडकलेले ते अडकलेलेच.

कमिशन किती जातं हे कोणाला बघायचं असेल तर आरएमला विचारूच नका. मार्च आणि सप्टेंबर अखेरचं जे एकत्रित स्टेटमेंट ईमेलवर येतं, त्यात वितरकाला सहा महिन्यांत किती रुपये दिले ते योजनावार छापलेलं असतं. टक्के नाही, रुपये. ते पान पाहिल्यावर माझ्या सासऱ्यांनी तासाभरात निर्णय घेतला.

निशिगंध

मी उलट बाजूने लिहिते, कारण आमच्या घरी अनुभव वेगळा आहे.

२३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडला. बाबा सत्तरीचे, टीव्ही लावून बसलेले. "सगळं काढून टाक" म्हणून मला सकाळपासून फोनवर फोन. मी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी थेट आरएमला फोन लावला. त्या मुलीने अर्धा तास समजावलं. तुमचा दोन वर्षांचा खर्च डेट फंडात (रोख्यांच्या फंडात) वेगळा आहे, इक्विटीला (शेअरच्या फंडांना) हात लावायची गरज नाही, फॉर्म आज पाठवत नाही, पुढच्या सोमवारी बोलू. नोव्हेंबरपर्यंत बाजार जुन्या उंचीवर आला होता. माझा आतेभाऊ पक्का डायरेक्टवाला, एक्सेल शीट वगैरे सगळं. त्याने त्याच आठवड्यात अ‍ॅपवर दोन बटणं दाबून निम्मं विकलं.

त्यामुळे ते ०.८ टक्के कशाचे हे ज्याचं त्याने ठरवावं. बाबांनी ते वसूल केले.

चक्रवाढ

ताई, ती मुलगी चांगली होती. ती अजून त्याच शाखेत आहे का?

निशिगंध

नाही. त्यानंतर तिसरा माणूस आलाय आणि त्याला बाबांचं नाव फाईल बघून सांगावं लागतं. हा मुद्दा तुमचा.

टॅक्सवाला

तुमच्या भांडणात कर कोणी काढलाच नाही, म्हणून धंद्याची सवय सांगतो.

म्युच्युअल फंडाच्या आत मॅनेजरने कितीही शेअर विकले-घेतले तरी तुम्हाला कर नाही. तुम्ही युनिट विकाल तेव्हाच. पीएमएसमध्ये शेअर तुमच्या स्वतःच्या डीमॅटमध्ये असतात. मॅनेजरने विकला की नफा तुमचा आणि करही तुमचा, पैसा हातात आलेला नसला तरी. वर्षाच्या आत विकला तर २० टक्के, नंतर विकला तर वर्षाकाठी सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे.

माझ्याकडे एक निवृत्त प्राध्यापक येतात. पेन्शन आणि एफडीचं व्याज, आयटीआर-१ हा साधा रिटर्न, दहा मिनिटांचं काम. पीएमएस घेतल्यापासून भांडवली नफ्याचं स्टेटमेंट छापायला कागद भरावा लागतो. कुठे सात शेअर विकले, कुठे बारा, एकाच कंपनीचे तीन तुकडे. रिटर्नही आता आयटीआर-२, मोठा फॉर्म. माझी फी वाढली, मी कशाला तक्रार करू. पण ब्रोशरवर जो परतावा छापतात तो तुमचा हा कर भरण्याआधीचा असतो, एवढं लक्षात ठेवा.

तिमाही आढावा असलेल्या फंड पोर्टफोलिओलाही हेच थोड्या प्रमाणात लागू. या फंडातून काढून त्या फंडात टाकलं की ती विक्रीच. कर आहेच, आणि बऱ्याच इक्विटी फंडांत वर्षाच्या आत काढलं तर एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे बाहेर पडायचा आकार. आढावा घेऊन काहीच न बदलणारा आरएम सगळ्यात स्वस्त पडतो.

वऱ्हाडी ठेचा

लय मोठमोठ्या गोष्टी चालू आहेत राजेहो, पण मुद्द्याची गोष्ट कोणीच नाही सांगितली. कृष्णाकाठ भाऊ, ताई ५८ च्या आहेत न? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीच्या आधी जाता येतं, पण फक्त निवृत्तीच्या पैशातून, अन् पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. मर्यादा ३० लाख. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये हातात. आरएम "सावकाश ठरवा ताई" म्हणत असन तर त्याचं कारण समजून घ्या. मुदत गेली की साठी होईपर्यंत थांबा.

३० तिथं, बाकी एफडीत. बाजार गेला उडत.

माजी शाखाधिकारी

मुदतीची आठवण लाख मोलाची. पण पुढचा सल्ला मला पटत नाही, आणि गंमत म्हणजे इथे मी बाजाराच्या बाजूने बोलणार आहे.

ताई १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या असणार, म्हणजे त्यांना जुनी पेन्शन आहे. महागाई भत्त्यासकट, आयुष्यभर. महिन्याचा खर्च त्यातून भागतो. ज्याच्या ताटात कायमची पेन्शन आहे त्याने उरलेला सगळा पैसा पुन्हा ठरावीक व्याजातच ठेवायचा? वर त्या व्याजावर स्लॅबप्रमाणे कर. ४६ पैकी पंधरा-सोळा लाख इक्विटीत जायलाच हवेत. आता ते कोणी सांभाळायचे हा प्रश्न उरतो, आणि तिथे बँक हा एक उमेदवार आहे.

पुणेरी शंका

सेबी-नोंदणीकृत फी घेणारा सल्लागार का नको? कमिशन नाही, फंड डायरेक्ट, हितसंबंधाचा प्रश्नच मिटतो. मी वर्षाला २५ हजार देतो आणि शांत झोपतो.

माजी शाखाधिकारी

तुमची रक्कम मोठी असेल. सोळा लाखांवर ०.८ टक्के म्हणजे १२,८०० रुपये. त्या जागी २५ हजार दिले तर फी झाली दीड टक्क्याच्या वर. सेबीने वर्षाला कुटुंबामागे १ लाख ५१ हजारांपर्यंत ठरावीक फी घ्यायला परवानगी दिली आहे. एवढ्या छोट्या रकमेसाठी सल्लागार मुळात उभा तरी करेल का? छोट्या गुंतवणूकदाराला कमिशनच स्वस्त पडतं हे कटू वाटलं तरी गणित आहे.

चक्रवाढ

दरवर्षी कशाला द्यायची? एकदा आराखडा करून घ्या, एकदाच फी द्या. पुढे इंडेक्स फंडाला कसला आढावा? कमिशन मात्र पंधरा वर्षं चालू राहतं, आणि रक्कम वाढेल तसं वाढत जातं. तुमचे १२,८०० पहिल्या वर्षाचे आहेत. पैसे तिप्पट झाले की कमिशनही तिप्पट, काम तेवढंच.

कृष्णाकाठ

ठेचा भाऊ, मुदतीचं माहीत नव्हतं, शतशः धन्यवाद. ताईच्या कागदपत्रांवरच्या तारखा पाहिल्या, दिवस आहेत हातात. ३० लाखांचा फॉर्म पोस्टात भरतोय. बँकेतही ही योजना मिळते, पण आरएमने ती एकदाही काढली नाही. त्यात त्याला काय मिळणार होतं?

शाखाधिकारी साहेब, पेन्शनचा मुद्दा मान्य. इक्विटी हवी. सेवा लागते हेही मान्य, फक्त त्या सेवेची किंमत आधी सांगायला काय हरकत होती? मी आरएमला लेखी विचारलं की या अकरा फंडांवर बँकेला वर्षाला किती रुपये मिळतील. उत्तर आलं, "सर, फी शून्य आहे." दुसऱ्यांदा विचारलं तर वेगळ्या रंगातलं तेच ब्रोशर. रुपयांचा आकडा त्याने दिला असता तर मी कदाचित हो म्हटलं असतं.

उरलेल्या १६ लाखांचं अजून ठरत नाही. ताई म्हणते, तू आधी नीट अभ्यास कर, तोवर राहू दे खात्यात.

माजी शाखाधिकारी

आकडा द्यायला हवा होता, यात दुमत नाही. पण 'तोवर राहू दे खात्यात' हे वाक्य मी काउंटरच्या आतून फार ऐकलंय. बचत खात्यावर अडीच-तीन टक्के मिळतात. साध्या एफडीशी साडेतीन टक्क्यांचा फरक धरला तरी १६ लाखांवर वर्षाला ५६ हजार गेले, म्हणजे ज्या कमिशनवरून आपण इथे भांडतोय त्याच्या चौपटीहून जास्त. तुमच्या अभ्यासाची फी आरएमपेक्षा महाग आहे साहेब.

चक्रवाढ

हे मात्र बिनतोड. आज रात्रीच एफडी करा, मोडता येईल अशी. डायरेक्टवरचं भांडण आपण आरामात चालू ठेवू.