लातूर ते पंढरपूर साध्या सायकलवर: आम्हा दोघींना जमेल का?

औसारोड:
नमस्कार. मी लातूरची, वय 44, घरी शिवणकाम करते. जाऊबाई आणि मी यंदा आषाढीला सायकलवर पंढरपूरला जायलोत. सायकली पोरींच्या शाळेच्या, साध्या, गिअर नाहीत. रोज पहाटे हरंगुळपर्यंत जाऊन येतो, औशालाही जाऊन आलो. मुरूड, ढोकी, येडशी, बार्शी, कुर्डूवाडी असं गेलं तर 190 किलोमीटरच्या आसपास होतंय. दोन दिवसांत होईल का? घरचे म्हणायलेत, गाडीनं जा. आम्हाला गाडीनं जायचंच नाही.

चेनकव्हर:
ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला सायकलवर पुरा करायच्या राइडमध्ये, 200 किलोमीटरला साडेतेरा तास देतात. तुमच्याकडं दोन दिवस आहेत, आरामात होईल.

मुरूडकर:
ताई, जमेल. पण ब्रेव्हेचा हिशोब इथं धरू नका, तिथल्या सायकली हलक्या आणि गिअरच्या असतात. तुम्ही ताशी 12 धरा. माझं मुरूडला सायकलचं दुकान आहे, या रस्त्यानं जाणाऱ्यांच्या सायकली रोज हाताखालून जातात. किलोमीटरपेक्षा वाऱ्याचा विचार करा. आषाढात वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो आणि पंढरपूर आपल्या नैर्ऋत्येलाच आहे. म्हणजे अख्खी वाट वारं छातीवर घेत जायचं. बिनगिअरच्या सायकलीला तेव्हा सपाट रस्तासुद्धा चढ होतो. त्यात पावसात काळ्या मातीच्या साइडपट्टीवर उतरावं लागलं, की चिखल मडगार्डात असा गच्च बसतो की चाक फिरत नाही. काडीनं उकरत बसावं लागतं.

कार्तिकीला वारा बहुतेक पूर्वेकडून असतो, पाठीला लागतो. ऊनही सोसवतं. मी म्हणेन कार्तिकीला जा. पांडुरंग दोन्ही एकादशींना तिथंच उभा आहे.

कार्तिकीला धास्ती एकच, उसाच्या ट्रॅक्टरची. कारखाने सुरू झालेले असतात. एकामागं दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधारात त्या रस्त्यावर सायकल नको म्हणजे नको. फटफटल्यावर निघा आणि चारला सायकल भिंतीला लावा. म्हणून दोन नाही, तीन दिवस धरा: पहिला मुक्काम येडशी, दुसरा कुर्डूवाडी. येडशीच्या पुढं बालाघाटचा डोंगर उतरतो. उतारावर ब्रेक सलग दाबून धरू नका, दाबा-सोडा करा. ब्रेकचे रबर आधीच नवे घाला.

सायकली पोरींच्या, म्हणजे सीट खाली असणार. गुडघे त्यानंच दुखतात. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्या, तेव्हा पाय सरळ झाला पाहिजे. पंक्चर झालं तर ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवा, बाभळीचा काटा तिथंच रुतलेला असतो. सोल्यूशन, पॅच, पंप आणि वॉलट्यूब (वॉल्व्हवर चढवायची बारीक रबरी नळी) जवळ ठेवा.

गोदाकाठ:
मी परभणीची. मुरूडकरदादांनी सायकलीचं सांगितलं, मी अंगाचं सांगते. लांब पल्ल्याला खरा त्रास मांड्या घासण्याचा होतो. तुम्ही शिवणकाम करता ना? मग सलवारीच्या आसनाला चौकोनी तुकडा घालून शिवा, म्हणजे चार शिवणी एका जागी येत नाहीत. खोबरेल लावा. दुसरं, बायका वाटेत जायला जागा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. असं अजिबात करू नका. पेट्रोलपंपावर, एसटी स्टँडवर बिनधास्त विचारा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे पाणी बाटलीत ठेवा आणि तहान लागायच्या आधीच घोट घोट घेत राहा.

औसारोड:
वाऱ्याचं आमच्या ध्यानातच नव्हतं. जाऊबाईंना वाचून दाखवलं. कार्तिकीला, तीन दिवसांत, असं ठरलं. सलवारी आजच कापायला घेते. येताना पण सायकलवरच यावं का?

मुरूडकर:
नको. येताना तोच वारा समोर आणि येडशीचा घाट चढून यायचा. पंढरपूरहून लातूरकडं रेल्वे आहे. सायकल लगेजच्या डब्यात बुक होते, फक्त गाडी कोणत्या दिवशी असते त्याची आणि बुकिंगची चौकशी आधी स्टेशनवर करून ठेवा. निघायच्या आठ दिवस आधी दोन्ही सायकली दुकानावर आणा. छर्रे काढून ग्रीस भरतो, रिमचा आऊट (वाकडेपणा) काढतो, ब्रेकची केबल नवी घालतो. आदल्या दिवशी काम करून लगेच निघू नका, नवीन केबल थोडी ताणते, ती चालवून परत कसावी लागते.