पुश दुसऱ्याची, लेंथ आपली

मुलुंडकर: काल इथे जावास्क्रिप्टबद्दल कुणीतरी लिहिलं, "अ‍ॅरे (नंबर लावलेली यादी) नसलेल्या ऑब्जेक्टवर अ‍ॅरेच्या मेथड कॉल लावून, म्हणजे उसन्या घेऊन, चालवणं हा हॅक आहे, रिव्ह्यूतच परत पाठवा." सकाळपासून डोक्यात तेच घोळतंय. स्पेसिफिकेशनमध्ये या मेथड मुद्दाम जेनेरिक, म्हणजे इतर ऑब्जेक्टवरही चालतील अशा, ठेवल्यात, तसं स्पष्ट लिहिलंय. पुशला अ‍ॅरे लागतच नाही. ती लेंथ (आयटम किती तो आकडा) वाचते, त्या नंबरावर व्हॅल्यू ठेवते, लेंथ वाढवते. लेंथ नसेल तर शून्यापासून सुरुवात. जेक्वेरी लायब्ररीने सॉर्ट, स्प्लाइस अशाच अ‍ॅरेकडून घेतल्यात. तोही हॅक?

भांडुप_पश्चिम: मीच लिहिलं होतं, आणि मागे घेणार नाही. गोरेगावला नोकरीत असताना डब्यांच्या ऑर्डरींचा असाच ऑब्जेक्ट होता. लेंथ २. कुणीतरी इंडेक्स २ वर ऑर्डर सरळ लिहिली, लेंथ तशीच राहिली. पुढच्या पुशने त्याच जागेवर नवी ऑर्डर बसवली. एका गिऱ्हाइकाचा डबाच गेला नाही! खऱ्या अ‍ॅरेने लेंथ आपोआप ३ केली असती. ते शोधण्यात माझ्या दोन रात्री गेल्या, शेवटची लोकल चुकली.

विरारची_मी: कॉनकॅट, ती याद्या जोडणारी मेथड, विसरलात. अ‍ॅरेसारखा ऑब्जेक्ट दिला तर तो अख्खा एकच आयटम म्हणून जोडला जातो. २०१५ पासून अ‍ॅरे.फ्रॉम आहे, त्याने अशा ऑब्जेक्टचा खरा अ‍ॅरे होतो, ते वापरा.

नेरुळकर: हेच मी ऐरोलीत इंटरव्ह्यूला सांगितलं. फंक्शनला मिळालेल्या आर्ग्युमेंट्सचा अ‍ॅरे कसा करशील? म्हटलं, फ्रॉम, नाहीतर रेस्ट पॅरामीटर, तो थेट अ‍ॅरेच देतो. त्यांना स्लाइस मेथड उसनी घेणारं जुनं स्लाइस.कॉलच ऐकायचं होतं. घरी पाठवलं.

जुना_दादरकर: विचारणारच. आयई ८ या जुन्या ब्राउझरमध्ये नोडलिस्टवर (पानावरच्या घटकांच्या यादीवर) स्लाइस.कॉल केलं की एरर यायची, हाताने लूप लिहायचो. पाया नको का?

नेरुळकर: तुम्ही भोगलंत म्हणून आम्हीही भोगायचं? ही सासूची रीत झाली काका.

जुना_दादरकर: काका कुणाला म्हणतोस? दोन वर्षांच्या अनुभवावर शिकवू नकोस.

विरारची_मी: दादा, तो चुकीचं काय बोलला? मलाही असंच परत पाठवलंय. बाळ झाल्यावर पुन्हा नोकरी शोधत होते तेव्हा. रोजचं काम कुणी विचारलंच नाही.

मुलुंडकर: इंटरव्ह्यूचा वेगळा धागा काढा! भांडुप, पुश-स्प्लाइससारख्या बदल करणाऱ्या मेथड परक्या ऑब्जेक्टवर नकोत, एवढं मान्य. तेवढंच. मॅप, फिल्टर मूळ ऑब्जेक्टला हात लावत नाहीत, नवा खरा अ‍ॅरे देतात. त्या मी वापरणारच.

भांडुप_पश्चिम: वापरा. पण फ्रॉम असताना कॉल कशाला, याचं उत्तर अजून आलेलं नाही.