अनुभव धागा: गरोदरपणातला जंतुसंसर्ग आणि अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण

37 आठवडे भरण्याआधी कळा सुरू होतात त्यामागे जंतुसंसर्ग हे एक मोठं कारण. रोज हेच काम करणाऱ्यांनी लिहावं. आपबीती नको, काय करायचं आणि कुठे चुकतं, तेवढंच.

मायक्रोबायोलॉजी लॅब
लघवीच्या तपासणीत बरेचसे घोळ डबी भरतानाच होतात. हात धुवा, जागा पुढून मागे पाण्याने स्वच्छ करा, पहिली धार सोडून मधली थेट निर्जंतुक डबीत घ्या. झाकणाला आतून बोट लावू नका. डबी 2 तासांत लॅबमध्ये पोचायला हवी, नाहीतर फ्रीजमध्ये 4 अंशांना ठेवा. बाहेर राहिली की मूठभर जंतूंचे लाखो होतात. एकाच जातीचे जंतू मिलीलिटरमागे 1 लाख किंवा जास्त असले तर तो संसर्ग, जळजळ नसली तरीही. तीन-चार जाती एकदम उगवल्या तर बहुधा नमुना बाटलेला असतो, दुसरा पाठवा. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर दिलेल्या नमुन्यात काही उगवलं नाही, तर त्यावर विसंबू नका.

प्रसूतितज्ज्ञ
जळजळ नाही म्हणून हा रिपोर्ट फाइलला लावून विसरतात, तिथे फसगत होते. गरोदरपणात वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनने मूत्रवाहिन्या सैलावतात, गर्भाशयाचा दाब पडतो (उजवीकडे जास्त), लघवी तुंबते आणि जंतू मूत्रपिंडापर्यंत चढतात. मग थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या आणि कधी पाठोपाठ कळा. म्हणून लक्षणं नसली तरी 4 ते 7 दिवस उपचार, औषध सेन्सिटिव्हिटी (कोणत्या औषधाने ते जंतू मरतात) बघून. नायट्रोफ्युरँटोइन दिवस भरत आल्यावर टाळतात, कारण बाळाच्या लाल पेशी फुटू शकतात. ट्रायमेथोप्रिम पहिल्या तीन महिन्यांत नको, ते फोलिक ॲसिडच्या आड येतं. कोर्सनंतर 1-2 आठवड्यांनी पुन्हा कल्चर (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी). ही पायरी हमखास गळते.

प्रसूतिकक्ष, नर्स
पाणी गेल्यासारखं वाटलं तर स्वच्छ पॅड लावा, वेळ, रंग, वास लिहून ठेवा आणि लगेच या. कळा नसतील तर बोटाने तपासणी टाळतो, दर तपासणीला जंतू वर सरकू शकतात. निर्जंतुक स्पेक्युलमने (योनीमार्ग उघडून बघायचं उपकरण) बघतात. दिवस भरण्याआधी पाणी गेलं तर एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक 250 मिलिग्रॅम दिवसातून 4 वेळा, 10 दिवसांपर्यंत, ही एक रूढ पद्धत. को-ॲमॉक्सिक्लॅव देत नाहीत, त्याने बाळाच्या आतड्यांना गंभीर इजा होण्याचा धोका वाढतो. ताप, आईची नाडी जलद, बाळाचे ठोके 160 च्या वर, पोटाला हात लावला की दुखणं: अशा वेळी कळा थांबवायचं औषध देऊ नये.

दुसरे प्रसूतितज्ज्ञ
पाण्याची पिशवी शाबूत आहे, संसर्गाची चिन्हं नाहीत, फक्त कळा आहेत. तिथे 'असू दे' म्हणून अँटिबायोटिक लिहू नका, उपयोग होत नाही. अंगावरून माशासारख्या वासाचं जात असेल तर तपासून उपचार करावा. त्रास नसलेल्या सगळ्यांना सरसकट औषध दिल्याने मुदतपूर्व प्रसूती कमी होत नाहीत. एक संभाव्य कारण असं: जंतूंमुळे सूज पेटली, प्रोस्टाग्लँडिन (कळा आणणारं रसायन) सुटलं की पुढे जंतू मारूनही गर्भाशय थांबेलच असं नाही.

लॅब पुन्हा
लघवीत ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस (जन्मावेळी बाळाला लागू शकणारा जंतू) सापडला तर तो कागद प्रसूतीच्या फाइलला वरच लावा. कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन द्यायचं असतं, शक्यतो जन्माआधी 4 तास, आणि ॲलर्जी असेल तर तेही आधीच लिहिलेलं हवं.