सीहॉर्स "शांत मासा आहे, कशाहीसोबत सोडा" म्हणणाऱ्यांसाठी

न्यूजर्सीकर: काल आपल्या खाऱ्या पाण्याच्या ॲक्वेरियमच्या ग्रुपवर एकाने रीफचा, म्हणजे प्रवाळांच्या टँकचा, फोटो टाकला, यलो टँग मासा, दोन क्लाउन मासे आणि मधे सीहॉर्सची, म्हणजे समुद्रघोड्यांची, जोडी. खाली लिहिलंय, "शांत मासा आहे, कोणाशी भांडत नाही, रीफमध्ये बिनधास्त सोडा." आणि त्यावर सगळ्यांचं वा वा. राहवलं नाही म्हणून लिहितोय. अहो, भांडणाचा प्रश्नच नाही, खाण्याचा आहे! सीहॉर्सला आत जठरच नसतं, खाल्लेलं झटकन पुढे सरकतं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं घालावं लागतं. आणि हा खाणार कसा, तर शेपटीने कशाला तरी धरून बसणार, मायसिस, म्हणजे कोळंबीसारखा बारीक जीव, तोंडासमोर आली की बराच वेळ तिच्याकडे बघणार, मग ओढून घेणार. तोवर टँगने सगळं साफ केलेलं असतं. मी भोगलंय हे. 2019 च्या दिवाळीत इरेक्टस जातीच्या सीहॉर्सची जोडी आणली, क्लाउन आधीपासून होते, दुकानदार म्हणाला चालतं. जास्त मायसिस घातली तर क्लाउन फुगले, पाणी बिघडलं आणि हे दोघं उपाशीच. संक्रांतीपर्यंत दोघंही गेले. मादीचं पोट आत गेलेलं अजून डोळ्यासमोर आहे. शिवाय रीफ आपण 78 फॅरनहाइटला ठेवतो, सीहॉर्सला 74 च्या वर नको, गरम पाण्यात व्हिब्रिओ नावाचा रोगजंतू फोफावतो. वेगळा टँक करा नाहीतर आणूच नका.

दोन टँकवाली: टँग आणि क्लाउनबद्दल शंभर टक्के बरोबर. पण "वेगळा टँक नाहीतर नकोच" हे नाही पटलं. माझ्याकडे चार वर्षं सीहॉर्ससोबत दोन फायरफिश आणि एक छोटा गोबी, असे शांत छोटे मासे आहेत. पाणी 73 ला, फ्लो बेताचा, सीहॉर्स कॅप्टिव्ह ब्रेड, म्हणजे टँकमध्येच वाढवलेले, त्यामुळे फ्रोझन खायला आधीच शिकलेले. एका वाटीत मायसिस घालते, वाटी दिसली की स्वतः येतात. दादा, सोबत असणं ही तुमची चूक नव्हती, सोबत कोणाची दिलीत ती चूक होती. दुकानदाराचं ऐकून जोडी घालवायची आणि मग सगळ्यांनाच नाही म्हणायचं, हे बरोबर नाही.

न्यूजर्सीकर: घालवायची? ताई, मी रात्री दोन-दोन वाजता ड्रॉपरने भरवत होतो त्यांना. फायरफिश चालतो, मान्य. मुद्दाम लिहिलं नाही, कारण "एक चालतो" वाचून लोक सहा आणतात.

खारेपाणी: मँडरिन मासाही स्वभावाने चालतो, पण तो दिवसभर कोपेपॉड, म्हणजे पाण्यातले अगदी बारीक जीव, टिपत असतो, छोट्या टँकमध्ये आधी तोच उपाशी मरेल. डंख मारणारे ॲनिमोनी आणि खेकडे तर नकोच.

पुण्याचा नवशिका: माझ्याकडे फायरफिशच आहेत. इथे एका दुकानात सीहॉर्सची जोडी मिळतेय, घेऊ का?

खारेपाणी: अजिबात नाही!! भारतात 2001 मध्येच सीहॉर्स वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, घातला, वाघाच्या रांगेत. पकडणं, विकणं, विकत घेणं सगळा गुन्हा, तुरुंगवासाची शिक्षा.

पुण्याचा नवशिका: दुकानदार म्हणतो ब्रीड केलेले आहेत. आणि न्यूजर्सीत ठेवले तर हौस, पुण्यात ठेवले तर तुरुंग?

न्यूजर्सीकर: इथे फार्मवर वाढवलेले रीतसर मिळतात. तिथे दुकानातला बहुतेक समुद्रातूनच उचललेला, त्याला जिवंत कोळंबीची पिल्लं लागणार, ती रोज कुठून आणाल?

मालवणवाला: वाघाच्या रांगेत बसवलंत, पण समुद्रात काय चाललंय ते कोणी बघितलं? माझे आजोबा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढायचे. गवतात गुंतून एखादा समुद्रघोडा आला की आजी तो ओंजळीत धरून परत पाण्यात सोडायची, जिवंत असायचा. आता ट्रॉलर तळ खरवडून जातो, चिंगळांसोबत, म्हणजे कोळंबीसोबत, हे चिरडून वर येतात. कायदा कळायच्या आधीच मेलेले. वरून मोठ्या गोल जाळ्यांचे पर्ससीनवाले, रात्री दिवे लावून मासे पकडणारे एलईडीवाले. त्यांना कोण विचारत नाही, आणि माझ्या चुलत भावाच्या टोपलीत दोन मेलेले सापडले तर दिवसभर चौकीवर बसवला. तुम्ही वाटीत मायसिस घालताय, इथे त्यांचं घरच नांगरलं जातंय!

दोन टँकवाली: पर्ससीनचा इथे काय संबंध? विषय टँकचा आहे.

मालवणवाला: संबंध कसा नाही? पुण्याच्या दुकानात तो आभाळातून पडला का?

खारेपाणी: ट्रॉलचं बोलणं बरोबर आहे, भाऊ. पण सुकवलेल्या सीहॉर्सचा धंदाही किनाऱ्यावरूनच चालतो. ते विकणारे कोणाचे?

मालवणवाला: तोंड सांभाळून. आमच्या वाडीत कोणी विकत नाही. इतर कुठे विकतात, ते मी नाकारत नाही.

पुण्याचा नवशिका: ठीक आहे, नाही घेत. पण आत्ता परत बघून आलो. डॅमसेल नावाच्या भांडखोर माशांच्या टँकमध्ये ठेवलेत, एकाची शेपटी कुरतडलीय, एक तळाला आडवा. त्यांना वाचवायला म्हणून तरी घेऊ?

न्यूजर्सीकर: नका घेऊ. जीव तुटतो माहितीय. पण तुमच्या पैशाने तो पुढच्या आठवड्यात आणखी दोन आणेल.

खारेपाणी: वनविभागाला 1926 वर फोन करा.

पुण्याचा नवशिका: केला. दुकानाचा पत्ता लिहून घेतला त्यांनी. आडवा होता तो अजून श्वास घेत होता.