अलिखित ठरलेलं मोडलं तर बोलायचं कसं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, भोसरी एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये ९ वर्षं अकाउंट्स बघतोय, आम्ही टोटल १४ माणसं. कागदावर कधीच काही नव्हतं पण सगळ्यांना सगळं माहीत होतं. डिस्पॅच असला की रात्री १० पर्यंत थांबायचं, ओव्हरटाइम मागायचा नाही, आणि शेठ पण कुणाच्या पोराला ताप आला, गावाला मयत झालं तर सुट्टी कापायचे नाहीत, दिवाळीला एक पगार आणि खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की पाकिटात ५०१ रुपये.

आता मुलगा बसतो केबिनमध्ये. आल्या आल्या अंगठ्याचं मशीन लावलं, १० मिनिटं लेट तर हाफ डे. बरं ठीके, नियम तर नियम, पण मग रविवारी सकाळी ८ ला फोन करून जीएसटीचं रिटर्न भर म्हणतो ते कुठल्या नियमात बसतं?

परवा दिवाळीचा विषय काढला तर म्हणाला, बोनसचा कायदा २० माणसांपासून पुढे लागतो, आपल्याला नाही. कायद्याने असेल बरोबर, पण आम्ही एवढी वर्षं थांबलो ते काय कायदा बघून?

दरवर्षी मिळायचा याला कायद्यात काही किंमत आहे का? आणि मोठ्या शेठना घरी जाऊन भेटावं का, की पोराला ते चुगली वाटेल? एचआर किंवा लेबर लॉवाले कुणी असतील तर प्लीज सांगा.